किसन कंडक्टरचा डावा गाल

“मग यशवंता, तेल कुठल्या गालाला लावणार?” बाजीराव आप्पांनी विचारलं.

समाजमंदिराच्या मधोमध माझ्या दुकानातली खुर्ची आणून ठेवली होती. खुर्चीत किसन कंडक्टर बसला होता, गळ्याला टॉवेल गुंडाळून, हनुवटी वर करून. भोवती सतरंज्यांवर तालुक्यातले साठ नाभिक. सोमवार होता, म्हणजे सगळ्यांची दुकानं बंद. एरवी आमच्या बैठकीला वीस माणसं जमायची मारामार, पण त्या दिवशी दारात चपलांचा ढीग पडला होता. गावोगाव बातमी गेली होती, की धोंडीरामच्या बायकोनं केलेल्या तेलाची आज परीक्षा आहे आणि वस्तरा धरणार आहे धोंडीरामचा धाकटा भाऊ.

तो धाकटा भाऊ म्हणजे मी. तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, आज पासष्ट आहे. विट्याच्या बाजारपेठेतलं दुकान आता माझा मुलगा बघतो.

दादा त्याच वर्षी वैशाखात काविळीनं गेला. त्याच्या हाताचं नाव असं होतं, की माणसं खानापूरहून दाढी करायला विट्याला यायची. आता दाढीच्या आधीचं काम म्हणजे काय, तर पाणी. गरम पाण्यानं गाल भिजवायचा, बोटांनी चोळायचा, केस मऊ पडला की साबण फासायचा आणि मग वस्तरा. दादानं त्यात एक पायरी वाढवली होती. साबणाच्या आधी दोन थेंब तेल. एरंडेल, खोबरेल, थोडा वाळा, थोडा कापूर. गजरावहिनी ते घरी चुलीवर उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत भरून द्यायच्या. गिऱ्हाईक गालावरून हात फिरवून म्हणायचं, लोणी आहे लोणी. कुणी म्हणायचं ही तेलाची करामत, कुणी म्हणायचं हाताची. दादाला विचारलं तर तो नुसता हसायचा.

तो गेल्यावर वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची निर्मला आमच्यातच राहिल्या. दोन खोल्या, माझी बायको शालन, आमचा तान्हा. अडचण होती, पण कुणी कुणाला टाकून बोललं नाही. तरी एके दिवशी वहिनींनीच विषय काढला.

“भाऊजी, तुम्ही आम्हाला घास कमी पडू देणार नाही. शालनही तोंड वाकडं करायची नाही. पण असं किती वर्षं? मला माझ्या हातचं काहीतरी पाहिजे. मला तेल करता येतं. दुसरं काय येतंय?”

“मग करा की.”

“करून विकू कुणाला? बायका काय दाढी करतात? तालुक्यातल्या न्हाव्यांनी घेतलं, तर चालेल.”

वहिनींचा भाऊ शंकर जतकडचा. बहिणीला न्यायला तो दोनदा येऊन गेला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या घरी खाणारी तोंडं सात आणि रान सगळं कोरडवाहू. तिसऱ्यांदा आला तेव्हा वहिनींनी माझ्यासमोर त्याला सांगितलं, “लोकांनी तेल घेतलं तर मी विट्यात राहीन, पोरीला शिकवीन. नाही घेतलं तर तुझ्याबरोबर येईन. मग पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही.”

तेव्हा मीच म्हणालो, की आपण तेल बैठकीत ठेवू. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत परीक्षा होऊ दे, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. ही कल्पना माझी होती, आणि त्या घडीला माझं मन अगदी साफ होतं, हे मी शपथेवर सांगतो.

निर्मलानं चाळीस बाटल्यांवर वहीच्या कागदाची लेबलं चिकटवली. वळणदार अक्षरात लिहिलं, ‘दाढीपूर्व तेल’. हा शब्द तिच्या बाईंनी सुचवला होता म्हणे. वहिनी त्याला नुसतं ‘ह्यांचं तेल’ म्हणायच्या.

परीक्षेचे नियम आप्पांनी ठरवले. आप्पा म्हणजे तालुक्याच्या संघटनेचे अध्यक्ष, वय सत्तरीचं, शब्दाला वजन. एकच माणूस, एकच चेहरा. एका गालाला तेल, एका गालाला नुसतं गरम पाणी. दोन्हीकडे दोन-दोन मिनिटं चोळायचं, घड्याळ आप्पांच्या हातात. साबण एकच, ब्रश एकच, हात एकच. आणि माणूस म्हणून निवडला किसन कंडक्टर, कारण तालुक्यात त्याच्याइतकी राठ दाढी दुसरी नव्हती. तारेचा ब्रश नुसता. त्याची दाढी करायची म्हटलं की आमच्यातले भलेभले लघवीला जाऊन यायचे. परीक्षेसाठी बिचाऱ्यानं चार दिवस दाढी राखली होती, आणि डेपोत साहेबाची बोलणी खाल्ली होती.

मी बाह्या सारल्या. वहिनी दारापाशी उभ्या होत्या, निर्मलाचा हात धरून. साठ पुरुषांत त्या दोघीच.

“काय गंमत बघा,” लेंगरे गावचा बाबू माने मागून ओरडला. “धोंडीरामचा हात, धोंडीरामचा हात म्हणून आपण मरत होतो, आणि निघालं बाटलीत!”

हशा झाला.

“म्हणजे आता बाटली घेतली की कुणीपण धोंडीराम!”

“मग यशवंतानं काय करायचं?”

“यशवंता बाटल्या धुईल!”

आणखी मोठा हशा. मीही हसलो, न हसून करतो काय? त्या हशातच आप्पांनी तो प्रश्न विचारला, तेल कुठल्या गालाला.

“डाव्याला,” मी म्हणालो. “तेल डाव्याला, पाणी उजव्याला.”

“बरं. चालू कर.”

मी वहिनींच्या बाटलीतून तेल घेतलं आणि कंडक्टरच्या डाव्या गालावर चोळलं. आप्पांच्या घड्याळानं दोन मिनिटं. मग हात साबणानं धुऊन उजवा गाल गरम पाण्यानं चोळला, तोही दोन मिनिटं. चोळण्यात मी कणभर फरक केला नाही. साबण फासला, दोन्हीकडे सारखा. ब्लेड कागदातून काढलं, मोडून दोन तुकडे केले, अर्धं वस्तऱ्यात बसवलं. एका दाढीला अर्धं ब्लेड, ही आमची सगळ्यांची रीत. मग मी उजवा गाल केला, नंतर डावा. आम्ही गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताला उभे राहतो, त्यामुळे सुरुवात उजवीकडून. माझ्या बापानं तशी केली, आज्यानं तशी केली, आणि समोर बसलेल्या साठ जणांनी जन्मात वेगळी केली नसेल.

सभागृह इतकं शांत झालं, की वस्तऱ्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत जात होता. उजवीकडे खर्रखर्र करत गाल सफा झाला. डावीकडे वरचा गाल नीट गेला. जबड्यापाशी ब्लेड दोनदा अडलं. कंडक्टरचा पाय हलला.

तोंड पुसलं, तुरटी फिरवली. आप्पा म्हणाले, “किसनराव, खरं सांगायचं. बाई उभी आहे म्हणून भिडेखातर बोलायचं नाही.”

किसननं दोन्ही तळवे दोन्ही गालांवर ठेवले, डोळे मिटले. “उजवी बाजू गुळगुळीत आहे,” तो म्हणाला. “डावीकडं ओढलं. आग होतीय जरा.” मग दाराकडे बघून म्हणाला, “वहिनी, राग मानू नका.”

आप्पांनी स्वतः हात फिरवून पाहिला. बाबू मान्यानं पाहिला. पाच-सहा जणांनी पाहिला. सगळ्यांचं एकच. उजवा गाल चांगला.

“तेलानं काही होत नाही,” आप्पा म्हणाले. “पाणीच खरं. हात खरा.”

टाळ्या वाजल्या. तेलाच्या हरण्याला टाळ्या कशाला, असं त्या वेळी मला वाटलं नाही. बाबू मान्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. वहिनी पुढे आल्या, टेबलावरच्या चाळीस बाटल्या एक-एक करून पिशवीत भरल्या आणि सगळ्यांना नमस्कार करून बाहेर पडल्या.

शालननं चहा टाकला. निर्मला कोपऱ्यात पाटीवर काहीतरी काढत बसली. मी उंबऱ्यावर बसलो होतो. वहिनी कप घेऊन आल्या आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या.

“भाऊजी, एक विचारू?”

“विचारा की.”

“तेल डाव्या गालाला का लावलं?”

“असंच. कुठल्यातरी गालाला लावायचंच होतं.”

“हो, पण सुरुवात तुम्ही उजवीकडून करणार, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“सगळे उजवीकडूनच करतात, वहिनी.”

“तेच म्हणते. हे घरी जेवताना सांगायचे, पहिल्या गालाला ब्लेडच काम करतं, न्हाव्याचा हात कळतो तो दुसऱ्या गालाला. कडक दाढी असली तर अर्धं ब्लेड एका गालातच बसतं, धार मरते म्हणायचे.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कपातल्या चहाकडे बघत होत्या. “आज तुम्ही नव्या ब्लेडानं पाण्याचा गाल केला आणि बसलेल्या ब्लेडानं तेलाचा.”

मी म्हणालो, “पण डावा गाल साबणात जास्त वेळ मुरला की. उलट त्याला फायदाच झाला.”

“मुरला. पण ब्लेड किसन कंडक्टरच्या अख्ख्या उजव्या गालातून जाऊन आलं होतं.”

मी म्हणालो, “माझ्या लक्षातच आलं नाही, वहिनी. देवाशपथ.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या लक्षात आलं होतं, तर तिथंच का नाही बोललात? मी उलट करून दाखवलं असतं.”

“साठ माणसांत तुम्हाला खाली पाहायला लावू? ह्यांच्या मागं दुकानाचं नाव तुमच्या हातावर चाललंय. उद्या माझी पोर लग्नाला उभी राहील, तेव्हा लोक विचारतील, काका कोण? मी बोलून बसले असते, तर काय सांगितलं असतं त्यांना?”

त्यांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला. गुरुवारी शंकर आला. वहिनी आणि निर्मला त्याच्याबरोबर गेल्या. बाटल्यांची पिशवी फडताळात तशीच राहिली. शालननं मला आठ दिवस नीट जेवायला वाढलं नाही. भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं.

मला झोप लागेना. मग मी ते तेल दुकानात नेलं आणि गुपचूप परीक्षा सुरू केली. या वेळी खरी. एक ब्लेड मोडायचं, दोन तुकडे, एका गालाला एक, दुसऱ्या गालाला दुसरा. आज तेल उजवीकडे, उद्या डावीकडे. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही कुठल्या गालाला काय लावलंय. दाढी झाली की विचारायचं, “कुठली बाजू बरी झाली?” आरशाच्या मागं खडूनं रेघ मारायची.

मार्गशीर्ष, पौष, माघ, तीन महिने मी हे केलं. पोरासोरांच्या मऊ दाढीला काही फरक पडत नाही. रोज दाढी करणाऱ्यालाही नाही. घाईघाईत तेल लावलं तर उलट साबणाला फेस येत नाही आणि काम बिघडतं. निम्म्याहून जास्त कमाल तर त्या दोन मिनिटांच्या चोळण्याचीच असते, मग हाताखाली पाणी असो की तेल. पण राठ दाढी, कोरडी थंडी आणि चार दिवसांचे खुंट असतील, तर तेलाची बाजू बरी जाते. आज मुलाच्या दुकानात प्री-शेव्ह म्हणून तीन तऱ्हेच्या रंगीत बाटल्या आहेत. गिऱ्हाईक मला विचारतं, काका, ह्यानं खरंच काही होतं का? मी तेच सांगतो.

शेवटी मी किसन कंडक्टरला बोलावलं. म्हटलं चार दिवस दाढी करू नकोस. दोन्ही गालांना नवं ब्लेड, तेल पुन्हा डाव्यालाच. त्यानं तळवे गालांवर ठेवले, डोळे मिटले.

“डावी बाजू बरी आहे,” तो म्हणाला.

“किती?”

“जराशी.”

“जराशी म्हणजे?”

“अरे जराशी म्हणजे जराशी. आता काय फूटपट्टी लावू?”

मी दुकान बंद करून आत बसलो आणि रडलो. ज्या गोष्टीला भिऊन मी ते सगळं केलं, ती गोष्ट एवढीशी होती.

शिमग्याला मी जतकडं गेलो. वहिनी दुसऱ्याच्या रानात कामाला गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या, हातपाय धुतले, मला गूळ-पाणी दिलं. उन्हानं काळवंडल्या होत्या. निर्मला गावच्या शाळेत जात होती, पण सातवीच्या पुढे तिथं शाळा नव्हती. शंकर गोठ्यात होता. आम्ही अंगणात बसलो.

“वहिनी, मी मुद्दाम केलं,” मी म्हणालो. “डावा गाल मी मुद्दाम सांगितला.”

“माहीत आहे.”

“बाबू माने म्हणाला, यशवंता बाटल्या धुईल. सगळे हसले. आणि मला वाटलं, तेल जिंकलं तर दादा मेल्यावरही जिंकला आणि मी जिवंत असून हरलो. जन्मभर दादाच्या हाताखाली राहिलो. तो गेल्यावर लोक माझ्या खुर्चीवर बसायला लागले होते. तेवढंच माझं होतं, वहिनी. ते बाटलीत जाऊ नये म्हणून मी तुमचं घर घालवलं.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं.

“तेल चांगलं होतं का?” त्यांनी विचारलं.

“अं?”

“तुम्ही नंतर करून बघितलं असणार. मी तुम्हाला ओळखते. चांगलं होतं का?”

फार चांगलं होतं, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. त्यांना बरं वाटलं असतं. पण एकदा त्यांच्याशी खोटं बोलून मी तिथं पोहोचलो होतो.

“जरासं,” मी म्हणालो. “राठ दाढीला, थंडीत. जरासंच बरं होतं.”

वहिनी हसल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांना हसताना बघितलं. “हेपण तेवढंच म्हणायचे. गजरे, लई नाही, जरासं मऊ पडतं म्हणायचे. मला वाटायचं माझ्यासमोर उगाच कमीपणा घेतात.” मग त्यांचे डोळे भरून आले. “जराशावर पोट भरलं असतं, भाऊजी. राठ दाढीवाले काय कमी आहेत तालुक्यात?”

“माझ्याबरोबर चला. आजच चला.”

“तशी नाही यायची.” त्या उठून उभ्या राहिल्या. “तुम्ही मला सांगितलंत, बरं केलंत. पण मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. साठ माणसांसमोर माझ्या माणसाचं तेल खोटं ठरलं. साठ माणसांसमोर ते खरं करा. मग मी येते.”

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी वर्षाची मोठी बैठक होती, तिला सगळेच येतात. समाजमंदिराचे पत्रे बदलण्यावरून तासभर वाद झाला. आप्पांनी विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का, आणि मी उभा राहिलो. मी सगळं सांगितलं. पहिला गाल, दुसरा गाल, अर्धं ब्लेड, आणि हेही सांगितलं, की हे मी चुकून नाही, जाणूनबुजून केलं. मग आरशामागच्या रेघा सांगितल्या. किसन कंडक्टरला मी बरोबर आणलं होतं. त्यानंही सांगितलं.

मला वाटलं होतं गोंधळ होईल, कुणी अंगावर येईल, मला संघटनेतून काढा म्हणतील. त्यासाठी मी मनाची तयारी करून गेलो होतो. पण साठ माणसं खाली सतरंजीकडे बघत बसली होती. बाबू माने नखं बघत होता.

“बस खाली, यशवंता,” आप्पा हळूच म्हणाले. “आम्हाला दिसलं होतं.”

“काय दिसलं होतं?”

“अरे, सकाळपासून रात्रीपर्यंत हेच करतो आम्ही. कडक दाढी, अर्धं ब्लेड, दुसरा गाल. न दिसायला आम्ही काय आंधळे? तू डावा म्हणालास तेव्हाच मला कळलं, तेल हरणार.”

“कुणाकुणाला कळलं होतं?”

“कुणाला नाही कळलं, ते विचार.”

मी सगळीकडे बघितलं. एकानंही मान वर केली नाही.

“मग बोलला का नाहीत, आप्पा?”

“तू का नाही बोललास?” आप्पांचा आवाज चढला, मग पुन्हा उतरला. “तुला ज्याची भीती वाटली, तीच आम्हाला. बाटलीत हात विकत मिळायला लागला, तर आमच्या खुर्चीवर बसणार कोण?”

मी म्हणालो, “बाटलीत हात नाही मिळत. जरासं मऊ पडतं, एवढंच.”

“हे आता कळलं,” आप्पा म्हणाले.

लाज म्हणा, काय म्हणा, त्या दिवशी चाळीस दुकानदारांनी तेल घ्यायचं कबूल केलं. सगळ्यात आधी बाबू मान्यानं नाव दिलं. आप्पांनी आपल्या हातानं यादी केली आणि माझ्या खिशात कोंबली. म्हणाले, “जा, गजराला घेऊन ये. म्हणावं, चुकलं आमचं.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी निघालो. जतला उतरून पुढे चार मैल चालत गेलो, पण पाय जमिनीला लागत नव्हते. वहिनी घरीच होत्या, भाकरी थापत होत्या. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. म्हटलं, उभा राहिलो, सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. चाळीस दुकानं, वहिनी! ही बघा यादी, आप्पांच्या हातची. बाबू मान्याचं नाव पहिलं. पोरीचा दाखला आजच काढू, विट्यातल्या शाळेत घालू.

त्यांचे हात पिठात होते, तोंड उजळलं होतं. “खरंच सांगितलंत साठ जणांसमोर?”

“सांगितलं. तुमच्या पायाची शपथ.”

“मग काय म्हणाले? चिडले असतील तुमच्यावर.”

“कुठले चिडतात? सगळे गप्प. आप्पा म्हणाले, बस खाली, आम्हाला दिसलंच होतं.” मी हसत सांगितलं. माझं ओझं उतरलं होतं ना, तोंडाला येईल ते बोलत होतो.

वहिनींचा हात थांबला. “काय दिसलं होतं?”

“हेच. ब्लेडचं.”

“त्याच दिवशी?”

मग मला कळलं मी काय बोलून बसलो. पण आता मागं फिरता येत नव्हतं. “हो,” मी म्हणालो.

“आप्पांना?”

“आप्पांना.”

“बाबू मान्याला? ह्यांच्या तिरडीला खांदा होता त्याचा.”

मी मान हलवली.

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना, वहिनी.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. त्यांनी ती उलटली, मग उतरवून बाजूला ठेवली. हात धुतले. माझ्यासमोर येऊन बसल्या.

“मी दारात उभी होते,” त्या म्हणाल्या. “एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. वाटत होतं, यांना कुणालाच ठाऊक नाही, म्हणून गप्प बसलेत. लबाडी एकट्या भाऊजींनी केली. घरचं माणूस आहे, चुकलं, कबूल केलं की मी माफ करीन आणि बाकीच्यांत जाऊन राहीन. इतके महिने मी असंच धरून चालले होते.”

मी यादी हातात घेऊन तसाच बसलो होतो.

“आता सांगा भाऊजी, मी परत कुणात येऊ?”

मी यादीची घडी करून खिशात ठेवली. शंकर रानातून आला, आम्ही जेवलो. वहिनींनी मला दोन भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून दिली, शालनला आणि बाळाला विचारलंय म्हणून सांगा म्हणाल्या. विट्याची गाडी साडेचारला होती. मी एकटाच परत आलो.